लेखातली शेवटची ओळ

टोरुनच्या रेनकोटची चेन नेमकी वाचनालयाच्या जिन्यात अडकली. वर सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, बक्षीस समारंभाला वीस मिनिटं उरली होती, आणि तिची बोटं काही केल्या ऐकत नव्हती.

"ओढू नका, तुटेल." खालून भिजत आलेला एक उंच तरुण थांबला. "मी बघू?"

तो एक पायरी खाली उभा राहिला. हात गार, पण हळुवार… चेन सुटली, तरी तो लगेच बाजूला झाला नाही.

"केवढ्या थरथरताय! बक्षीस मिळणार नाही म्हणून?"

"मिळेल म्हणून."

"असलं दुखणं आम्हाला का होत नाही हो?"

टोरुनला हसू आलं नाही. सबंध नॉर्वेतून आलेल्या सहाशे लेखांतून निवडलेल्या तिघांत तिचा लेख होता, आईच्या अखेरच्या हिवाळ्यावरचा. पुरस्काराची अट साधी होती – लेख स्वतःचा हवा, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं.

अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं. तिच्या तोंडून निघूनच गेलं, "माझी शेवटची ओळ खोटी आहे. 'आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता…' नव्हता. मी बंदराच्या धक्क्यावर होते. मैत्रिणींबरोबर कॉफी पीत बसले आणि फेरीबोट चुकली."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "हे मला सांगायला नको होतं…"

"का?"

तेवढ्यात वरून हाक आली. "स्यूर! पुढच्या रांगेत चल, निवडलेल्या तिघांनाही तिथेच बसायचंय!"

टोरुनच्या पायाखालची पायरीच सरकली. स्यूर! निवडलेल्या तिघांतला एक, दीपगृहावरच्या लेखाचा लेखक. आता हा एक शब्द बोलला, की…

"मी तोंड उघडणार नाही," तो घाईने म्हणाला. "शपथ. पण टोरुन… तुला झोप लागेल?"

त्याने तिला नावाने हाक मारली हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती तशीच वर गेली आणि थेट परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष बोर्गहिल्डबाईंसमोर उभी राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"पोरी, निकालाच्या पाकिटात तुझंच नाव होतं."

"माहीत नव्हतं… पण आता काढा."

दाराशी उभं राहून तिने नाव ऐकलं. स्यूर लोनिंग. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मंचावर चढला, दोन वाक्यं अडखळत बोलला, आणि त्याची नजर सभागृहभर कुणाला तरी शोधत राहिली. टोरुन गुपचूप खाली उतरली.

ती ट्रामच्या थांब्यावर पोहोचली, तोच मागून धापा ऐकू आल्या. स्यूर होता – अंगात कोट नाही, शर्ट पाठीला चिकटलेला.

"रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? तू कुठे काय केलंस?"

"केलंय." त्याने आवंढा गिळला. "मी जिन्यात तुला ओळखलं होतं. तुझा लेख मासिकात छापून आला, तो चार वेळा वाचलाय, तुझ्या फोटोसकट. सांगायला हवं होतं, पण तू बोलायची थांबली असतीस… आणि मी बक्षीस घेतलं. नाही म्हणावंसं वाटलं, पण हवं होतं मला ते."

छातीवरचं ओझं उतरलं होतं, तरी काहीतरी अजून धडधडत होतं.

"चार वेळा?"

"पाचव्यांदा अर्धा. ती ओळ मला कधीच पटली नव्हती. बाकीच्या लेखातली मुलगी घाबरट आहे, धांदरट आहे… ती मला आवडली होती. फार आवडली होती."

टोरुनने गालांवरून हात फिरवला. पाऊस होता, की आणखी काही, कोण जाणे.

"उद्या गावी, ओड्डाला जातेय मी," ती हळूच म्हणाली. "आईच्या थडग्यापाशी. खरं काय ते तिला सांगायचंय. एकटीला धीर होत नाही."

"मी येऊ…?"

"ये. पण तिथे गप्प राहायचं."

"आणि परत येताना?"

"परत येताना," टोरुनने त्याचा गार हात हातात घेतला, "बोल हवं तेवढं. फक्त खरं बोल."