वगळलेला फोल्डर

खंडेनवमीच्या सकाळी खासबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसखाली यशपालचं डोकं चिरडलं. रक्त पार दारापर्यंत उडालं होतं. प्रेस चालवणारा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला, म्हणून पोलिसांनी अपघात लिहिला आणि चूकही त्याचीच धरली.

"लेक तर गेला, वर त्येच्याच डोस्क्यावर चूक थापत्यात," त्याची आई शेवंताबाई म्हणाली. "तेवढी पुसा, बाई."

खासगी तपास करणारी पारमिता लगेच उठली. मागून तिचा सोबती, निवृत्त हवालदार शामूआप्पा. माणूस सोन्यासारखा, पण अक्कल बैलगाडीनं येणारी.

फोरमन रवळू प्रेसकडं बोट करून म्हणाला, "पूजेला कामगारांची पोरं मशीनला हात लावत्यात. म्हणून यशपाल दर वर्साला आधी सोता आत वाकून बघायचा, प्रेस थांबतोय का. सगळ्यास्नी ठावं हाय. औंदा थांबला न्हाय."

"कुणाशी वैर?"

"छ्या! एवढंच, निपाणीला आमी बनवून इकलेल्या प्रेसनं एका बाईचे दोन्ही हात तोडले. तिच्या बाजूनं कोर्टात बोलणार हुता त्यो."

मालक आण्णाप्पानं चहा मागवला. "गुणी पोरगा. माझं जुनं प्रोग्राम त्यानंच मोडीत काढलं. त्यानं लिंटर बसवला आणि मी लिहायचंच सोडलं. माझ्या वळीवळीखाली लाल!" तो हसला. पारमिता हसली नाही.

"लिंटर म्हंजे काय रं?" शामूआप्पानं दुसऱ्या प्रोग्रामरला, स्वरूपला विचारलं.

"कोड तपासणारा प्रोग्राम, आप्पा. कोड काय करतोय ते त्याला कळत न्हाय, नुसता गबाळेपणा दिसतोय. लाल खूण असली की कोड प्रेसवर चढतच न्हाय. माझ्या कोडला आजवर एकबी लाल खूण न्हाय."

पारमितानं लिंटरची सेटिंग उघडली. कुठले फोल्डर तपासायचे नाहीत ते तिथं सांगितलेलं असतं. विकत घेतलेल्या कोडचा फोल्डर वगळला होता. तसं सगळेच करतात. पण आणखी एक फोल्डर वगळला होता, नवाकोरा. आत मोजक्या ओळी: खंडेनवमीला प्रेसची सुरक्षा बंद. आणि हा बदल स्वरूपच्या कॉम्प्युटरवरून झालेला.

शामूआप्पानं स्वरूपची कॉलर धरून दोन मुस्काटात ठेवून दिल्या. त्याचा ओठ फाटला.

"माझा कॉम्प्युटर उघडाच असतोय, आप्पा! कुणीबी बसतंय!"

"सोडा त्याला," पारमिता म्हणाली. "सगळ्यांना प्रेसपाशी बोलवा. शेवंतामावशींनापण. आणि फौजदारांना."

सगळे जमले. लोखंडावरचे डाग अजून गेले नव्हते.

"लिंटरला खून कळत न्हाय, गबाळेपणा कळतो," ती म्हणाली. "स्वरूपनं हे लिहिलं असतं तर नीटनेटकं लिहिलं असतं. लिंटरनं हूं की चूं केलं नसतं. मग फोल्डर वगळायची गरज कुणाला? ज्याचा कोड लिंटर सोडतच न्हाय, त्याला. रवळूअण्णांना तर कोड येतच न्हाय."

तिनं वगळलेला फोल्डर लिंटरपुढं टाकला. पडदा लाल झाला. शेजारी मालकाचा जुना प्रोग्राम तपासायला लावला. तोही लाल, आणि अगदी त्याच गबाळेपणासाठी.

"निपाणीची साक्ष झाली असती तर कारखाना बुडाला असता. व्हय ना, आण्णाप्पा?"

आण्णाप्पानं जड पाना उचलून तिच्या डोक्यावर उगारला. शामूआप्पानं तो घाव हातावर झेलला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. रवळूनं मालकाला आडवा पाडला आणि लाथांनी तुडवलं. रवळूला ओढून काढेपर्यंत आण्णाप्पाचे दात फरशीवर पडले होते.

शेवंताबाईनं तिकडं बघितलंही नाही. ती फौजदारापुढं जाऊन उभी राहिली.

"लिवा, साहेब. माझ्या लेकाची चूक न्हवती म्हणून लिवा. आन् वाचून दावा."

फौजदारानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. यशपाल गेल्यापासून ती माउली तेव्हा पहिल्यांदा रडली.