थोरल्यांच्या खोलीतलं वाचन

दार लोटून घ्या रे, आणि असे जवळ बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा वर्गमित्र. शाळेत भाषेचा शिक्षक. आम्ही त्याला पल्लेदार म्हणायचो, कारण त्याचं वाक्य एकदा सुरू झालं की संपायचं नाव घ्यायचं नाही. अकरा वर्षं खपून त्यानं कादंबरी लिहिली. पुस्तक बांधायचं काम माझ्याकडे आलं.

त्याचं दैवत एकच. पन्नास वर्षांपूर्वी गेलेले एक मोठे कादंबरीकार. त्यांची पानंच्या पानं त्याला पाठ. "माझं काही नाही रे, सगळं थोरल्यांचं उष्टं," म्हणायचा. पुस्तक त्यांनाच अर्पण केलं आणि अर्पणाच्या समोरच्या पानावर त्यांचा फोटो. त्या फोटोच्या परवानगीसाठी त्यांच्या मुलीची सही हवी होती. गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला हा त्यांच्या घरी गेला. छपाईला जायची पानं पिशवीत होतीच.

बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. सही लगेच दिली.

"एवढं करा," म्हणाल्या, "बाबांच्या खोलीत बसून थोडं वाचून दाखवा. शेवटी डोळे गेले होते त्यांचे. रोज वाचून दाखवायला कुणीतरी लागायचं. जाताना दार ओढून घ्या." कानातलं मशीन काढलं आणि झोपायला गेल्या.

खोलीत टेबल, दिवा, दोन खुर्च्या. पल्लेदार तर हरखूनच गेला. रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि पहिलं पान वाचलं. थांबला.

"हं."

त्याला वाटलं, बाई आल्या. वळून पाहिलं. दार बंद. आवाज खुर्चीतून आला होता.

भीती नाही वाटली, असं त्यानं मला सांगितलं. डोळे भरून आले. थोरले ऐकतायत! आपलं ऐकतायत! तो जीव ओतून वाचू लागला. परिच्छेद संपला की, "हं." प्रकरण संपलं की, "हं."

साडेअकरा वाजले. घसा सुकला. "आता येतो," म्हणून तो उठायला गेला.

पाय उठेनात.

टेबलावर फोन वाजू लागला. बायकोचं नाव दिसत होतं. हात फक्त पान उलटत होता, फोनकडे जातच नव्हता. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. सात वेळा.

"पाणी पिऊ का?" त्यानं विचारलं.



मग समोरची खुर्ची सरकली. जवळ.

"हं."

तो वाचत राहिला. दोन वाजले. तीन. जिभेला रक्ताची चव आली. मधेच बाईंना हाका मारल्या. बाईंना कुठलं ऐकू येणार? रडू आलं, तर रडताना शब्दही बाहेर येत होते. त्याचेच शब्द. थांबता येत नव्हतं...

पहाटे एका वाक्याच्या मधेच आवाज गेला. ओठ हलत होते. आवाज नाही.

खुर्चीतून विचारल्यासारखं आलं, "हं...?"

पान उलटणारा हात थांबला.

सकाळी बाई आत आल्या. "अगंबाई, तुम्ही इथंच? मला वाटलं, गेलात."

आवाज परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. पण मुक्या माणसानं वर्गात काय शिकवायचं? नोकरी सुटली. हे सगळं त्यानं मला वहीवर लिहून सांगितलं.

पुस्तक मात्र निघालं. पहिली प्रत मी स्वतः शिवली, कापली, पाकिटात घालून चिकटवली. ती त्यानं माझ्यादेखत उघडली. एका पानाचा कोपरा दुमडलेला.

मी ओशाळलो. पण कोपरा उलगडला आणि चरकलो. कडा कापण्याआधी दुमडला असता, तर तो पात्यातून सुटून उलगडल्यावर कडेबाहेर आला असता. हा कडेला बरोबर. कापल्यावर कुणीतरी दुमडलेला.

त्यानं ते पान वाचलं. एका ओळीच्या मध्यावर बोट ठेवलं. वहीत लिहिलं, "इथे आवाज गेला."

मी तसाच कारखान्यात परतलो. सीलबंद गठ्ठे फोडले. सातशे प्रती.

सगळ्यांत... तेच पान. तोच कोपरा.