झीलकऱ्याचं घोंगडं

कल्याणच्या बापाचं वडीगोद्रीला हायवेला लागून खत-बियाण्यांचं दुकान, आणि दुकानामागं पत्र्याचं गोदाम. पुण्याला इंजिनिअरिंग अर्धवट सोडून कल्याण परत आला तो एक माईक, एक साउंड कार्ड आणि डोक्यात एकच खूळ घेऊन. आपल्या बोलीतलं रॅप काढायचं, आपल्याच लेबलवर, मुंबईवाल्यांच्या पाया न पडता. बापानं कपाळावर हात मारून घेतला. पण पोरगं एकुलतं एक, तेव्हा युरियाच्या गोण्या सरकवून गोदामाचा एक कोपरा त्याला मोकळा करून दिला.

कल्याणनं तिथं प्लायवूडची, काच बसवलेली एक खोली उभी केली. आता स्टुडिओ म्हटलं की शांतता पाहिजे. इथं कुठली शांतता! बाहेर कंटेनर भोंगे मारत जाणार, वर पत्रा तडतडणार. अंड्यांचे ट्रे चिकटवले, ते उंदरांनी कुरतडले. फोम लावला, तो उन्हाळ्यात डिंकासकट गळून पडला. शेवटी गोरक्षनाथ म्हणाला, "दादा, आमच्या घरी घोंगडी पडून हायेत. घोंगड्यातून वारा जात न्हाई, आवाज काय जाईल?"

गोरक्ष तीर्थपुरीचा. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. मेंढरं गेली तसा हा घनसावंगीच्या रस्त्यावर जीप चालवायला लागला. चालवता चालवता रॅप करायचा. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण उतरताना "म्हण की रं अजून एक" असंही म्हणायच्या. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळं ‘स’ म्हटला की बारीक शिट्टी वाजायची. बाकी त्या पोराजवळ काही नव्हतं, एक आवाज होता. पण काय आवाज होता! स्टँडवर "चला घनसावंगी, घनसावंगी" म्हणून ओरडला की पलीकडच्या गल्लीतली माणसं पिशव्या उचलायची.

घोंगडी आणायला कल्याण स्वतः गेला. गोरक्षच्या आईनं, बायनाबाईनं, पेटीतून एकेक काढून दिलं. सगळ्यात खालचं, जाड, काळंभोर घोंगडं मात्र ती मांडीवर घेऊन बसून राहिली. ते तिच्या नवऱ्याचं, राधाकिसनचं. राधाकिसन जन्मभर धनगरी ओव्यांत झील धरायचा. म्हणजे पुढं त्यांच्या मेळ्यातल्या रामप्रसादनं ओळ उचलायची, आणि मागं उभं राहून राधाकिसननं त्या ओळीचा शेवट परत म्हणायचा. नाव झालं रामप्रसादचं. जत्रेत फेटा बांधला रामप्रसादला. राधाकिसनला कुणी कधी म्हणालं नाही, की बाबा, आज एक ओळ तू उचल. तसाच तो गेला.

"न्या," बायनाबाई म्हणाली, "पण टांगू नका, बाबा. गेलेल्या माणसाचं घोंगडं अंथरायचं, त्याच्यावर बसायचं. टांगलं की ते उभं राहतं. लई उभा राह्यलाय तो."

"बराबर हाय, मावशी," कल्याण म्हणाला, आणि त्याच दुपारी खिळे ठोकून माईकच्या मागच्या भिंतीला ते टांगलं. जाड होतं ना! माईकच्या मागं जाडच पाहिजे, एवढं तर पुण्यात शिकूनच आला होता शहाणा.

लेबलचं नाव ठेवलं ‘घोंगडी रेकॉर्ड्स’. पहिलं गाणं अर्थातच गोरक्षचं.

बोर्डावर आमच्या गावाचं नाव न्हाई,
बस थांबती, पण उतरत कुणी न्हाई.

गाणं एका दमात झालं. कल्याण हेडफोन लावून मिक्स करायला बसला, आणि त्याला ऐकू आलं की ओळ संपल्यावर मागून, जरा लांबून, कुणीतरी परत म्हणतंय. आधी घसा साफ केल्यासारखा एक छोटा ‘हं’, मग जाड, थकल्या आवाजात: कुणी न्हाई.

त्यानं गोरक्षला फोन केला. "लेका, मागून परत आवाज देऊन डबल कधी मारलास? भारी झालंय."

"मी कुठं मारला? कानात आलं तवा मला वाटलं तुमीच टाकून राह्यलात."

ट्रॅक एकच होता, माईक एकच. पत्र्याचा घुमारा असेल, असं कल्याणनं स्वतःला सांगितलं. घुमारा खाकरत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण गाणं इतकं झकास लागलं होतं, की कळून न कळल्यासारखं केलं.

गाणं सुटलं ते सुटलंच. जालन्याच्या हॉस्टेलांत वाजलं, पुण्यात वाजलं, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांवर वाजलं. गाण्याखाली कमेंटमध्ये लोक एकच विचारायचे, तो मागचा आवाज कुणाचा? कल्याण लिहायचा, सिक्रेट आहे भावांनो. अंबड-परतूरची पोरं हेलपाटे घालायला लागली. त्यांची गाणीही निघाली, पण मागचा आवाज फक्त गोरक्षला यायचा, आणि चालायचा फक्त गोरक्ष.

पुढच्या गाण्यांत तो आवाज जवळ येत गेला. आधी भिंतीपाशी होता, मग गोरक्षच्या खांद्याशी आला. भर वैशाखात खोलीला ओल्या लोकरीचा वास यायला लागला. टांगलं तेव्हा घोंगड्याखाली वीतभर भिंत दिसायची. आता त्याची दशी जमिनीला टेकली होती. खिळे होते तिथंच होते.

आणि गोरक्षचा आवाज बारीक होत चालला. स्टँडवर दोनदा ओरडावं लागायचं. बाया विचारायच्या, "काय रं, सर्दी झाली का?"

एका दुपारी तो नुसता मनात येईल ते म्हणत होता. लिहिलेलं काही नाही, बीट चालू, डोळे मिटलेले. त्यानं ओळ उचलली, "माझ्या बापानं चालून चालून झिजवला..." आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडात यायच्या आधी हेडफोनमध्ये आला. हं... रस्ता. मागून गोरक्षनं तोच म्हटला. पुढच्या ओळीला तेच. आधी तो, मग हा.

गोरक्षनं हेडफोन काढून फेकला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"दादा, घोंगडं काढा."

"काय झालं?"

"बाप हाय तो माझा. त्याला जन्मात कुणी पुढं येऊ दिलं न्हाई, आता माझी ओळ घेऊन राह्यला. आवाज बी घेऊन चाललाय. काढा ते, आईच्यान."

कल्याणनं घोंगड्याकडं बघितलं. त्याला खरं वाटलं. हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे, की त्याला खरं वाटलं. पण अल्बमचं एकच गाणं राहिलं होतं, पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं, आणि मागच्या आवाजाशिवाय त्या गाण्यांना कोण विचारणार होतं?

"एवढं एक होऊ दे, गोरक्ष. मंग मी सोता काढतो. शब्द देतो."

गोरक्षनं मान हलवली. दुकानात बोलावून आपल्याला चहा पाजणाऱ्या, घरात पंगतीला बसवणाऱ्या माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याच्या बापालाही नव्हती.

शेवटचं गाणं सुरू झालं.

कल्याण काचेतून बघत होता. गोरक्ष माईकपुढं उभा होता आणि त्याचे ओठ हलत नव्हते.

हेडफोनमध्ये अख्खी ओळ आली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, जाड, म्हातारी, आणि इतकी आनंदी की कल्याणच्या अंगावर काटा आला.

ओळ संपली तसं गोरक्षनं तोंड उघडलं आणि तिचा शेवट धरला. पुढच्या ओळीचा धरला. तिच्या पुढच्याही. शेवटी शेवटी ओठ तेवढे हलले.

कल्याणनं गाणं थांबवलं नाही.

गोरक्ष त्यानंतर बोलला नाही. जालन्याच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं. म्हणाला, गळा साफ आहे, काहीच झालेलं नाही. जीपच्या मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला, मुक्या माणसाला गिऱ्हाईक कसं गोळा करता येणार? अल्बम मात्र असा चालला की विचारू नका. टी-शर्ट निघाले, घोंगडीचं चित्र छापलेले. कल्याण मुलाखतींत सांगायचा, "गोरक्ष आमचा भाऊ आहे, सध्या आराम करतोय." घोंगडं भिंतीवरच होतं. काढू, काढू म्हणता राहिलं, असं तो घरी सांगायचा. राहिलं कसलं, ठेवलं!

दिवाळीनंतर एक दिवस सकाळीच बायनाबाई लेकाला घेऊन जीपनं आली. गोदामात रेकॉर्डिंग चालू होतं. आत परतूरचा बबलू नवं गाणं म्हणत होता. कल्याण एका कानाला हेडफोन लावून बसला होता. गोरक्ष दाराजवळच्या खुर्चीवर बसला, हात मांडीवर ठेवून.

"घोंगडं दे, बाबा," बायनाबाई म्हणाली. "घरी नेऊन अंथरते. बसल तो. पोराचा आवाज सोडल."

कल्याण उत्तर देणार, तेवढ्यात बबलूची ओळ संपली आणि हेडफोनमध्ये मागून झील आली. बबलूला आजवर कधी आली नव्हती.

म्हातारा आवाज नव्हता. तरुण होता, खणखणीत. ‘स’ला बारीक शिट्टी वाजली.

कल्याणनं मान वळवली. खुर्चीवर गोरक्षचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. आत बबलूची ओळ संपली, की बाहेर याचं तोंड उघडायचं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात उचलत नव्हते.

"बघ," बायनाबाई हलकेच म्हणाली. "घरी बी असंच करतो. जेवता जेवता. दे बाबा, पाया पडते तुझ्या."

उठावं, चार खिळे उपटावेत, एवढंच काम होतं. तो अर्धा उठलाही.

दार उघडून बबलू बाहेर आला. लाइट गेली होती, माईक बंद पडला होता. "दादा, मागं काय भारी लागलंय हो! हेच पायजेल होतं. काढू नका, राहू द्या."

कल्याण बायनाबाईकडं न बघता खाली बसला.

"राहू द्या," तो म्हणाला.

खुर्चीवर गोरक्षचे ओठ हलले. राहू द्या.

कल्याण उठताना कानावरून गळालेला हेडफोन टेबलावर पडला होता, त्याची वायर निघालेली होती. त्यातून स्पष्ट ऐकू आलं.