चहाचा नियम

नोव्हेंबरातल्या एका रविवारी जळगावच्या भाजीबाजारात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो पोतंभर चुकीची वांगी विकत घेत होता.

म्हणजे वांगी चांगलीच होती. काटेरी, जांभळी, मुठीत मावतील अशी. पण इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला तो उंच माणूस भाजीवाल्या अक्कांना सांगत होता, "भरीत पार्टी आहे, चांगली बघून द्या." आणि अक्का गालातल्या गालात हसत पोतं भरत होत्या. मला गप्प बसवत नाही. आईच्या मते हाच माझा आजार आहे.

"अहो, याचं भरीत नाही होत. भरताची वांगी ती... तिकडची. हिरवी, मोठाली."

त्याने हातातल्या वांग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यातही प्रकार असतात?"

"खान्देशात राहून हे विचारता?"

"आम्ही जैन," तो ओशाळून म्हणाला. "आमच्या घरात वांगं येतच नाही. मी आज पहिल्यांदा हातात धरलंय."

"आणि भरीत पार्टी देताय?"

"देत नाही — विकतोय. एमआयडीसीतल्या कंपन्यांना. आज साहेबांना नुसती चव दाखवायची, खरी पार्टी नंतर. त्यांनी आपल्या माणसांसाठी पंगती घ्यायच्या, आणि जमतील ते सगळे पैसे मुलांच्या हॉस्पिटलला. कॅन्सर वॉर्डला."

आता मात्र मी गप्प झाले. त्याच वॉर्डात मी, भडगावची दिपमाला, सोशल वर्कर म्हणून काम करते. आईबापांना धीर देणं, मुलांना गोष्टी सांगणं, औषधांसाठी दारोदार फिरणं, हे माझं काम. आणि इथे एक अनोळखी माणूस माझ्या मुलांसाठी चुकीची वांगी निवडत होता...

वांगी बदलली. मग बाजाराच्या कोपऱ्यावर चहा झाला. त्याचं नाव श्रेयांस. वडिलांचा, निर्मलकुमारांचा, चटयांचा कारखाना. त्याने एकापाठोपाठ एक असा चहा रिचवला की मी बघतच राहिले.

"व्यसन म्हणाल तर एवढंच," तो म्हणाला आणि बशीवरून माझ्याकडे बघून हसला. घरी जाताना ते हसू उगाच माझ्याबरोबर आलं.

मग तो वॉर्डात येऊ लागला. आधी पार्टीच्या कामासाठी, नंतर... काम काढून. खिडकीजवळच्या खाटेवर रत्ना असायची. पिंपळनेरची, आठ वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. औषधांनी केस गेलेले, पण तोंड शाबूत. तिने त्याचं नाव चटईवाला ठेवलं. डॉक्टर, नर्स, झाडूवाली मावशी, जो समोर येईल त्याला ती आपल्या अहिराणीत एकच विचारायची, "मी घर कवय जासू?" घरी कधी जाणार, एवढंच. तिची आई सुंदरबाई तोंड फिरवून पदर नीट करायची. श्रेयांस मात्र खाटेवर टेकून सांगायचा, "आधी भरीत पार्टी होऊ दे. मग नवीन औषध. मग घर."

पण एक गोष्ट मला खटकू लागली. फाटकाबाहेरच्या टपरीवर मी रोज विचारायची, "चहा?" आणि तो रोज म्हणायचा, "आज नको."

"शेठ, आमच्या टपरीचा चहा चालत नाही वाटतं?"

"चालतो ना."

"मग?"

"तुम्ही प्या. मी बघतो."

"मला कुणी बघत असलं की ठसका लागतो."

"मग मी झाडाकडे बघतो," असं म्हणून तो खरंच लिंबाच्या झाडाकडे बघत उभा राहिला. कान मात्र लाल झाले होते.

मला राग आला. कारखानदाराचा मुलगा, असेल टपरीची लाज. नाहीतर माझी. रागावले, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो येईल म्हणून निळी ओढणी काढून ठेवली. मनाला कुठे लाज असते?

पार्टीच्या आदल्या आठवड्यात एका कंपनीचे साहेब म्हणाले, एखादं आजारी मूल स्टेजवर बसवा, लोक हात सैल सोडतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रेयांसच बोलला, "मुलं दाखवून नको साहेब. वांगी दाखवून मिळेल तेवढं पुरे." त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. वांग्यांवरून प्रेमात पडलेली बाई जगात मी एकटीच असेन.

पार्टी झोकात झाली. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर चरचरणारी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, धूर आणि थंडी. ज्याने वांगं कधी चाखलं नाही, तोच जाळापाशी बसून ती उलटत होता. मी ओढणीच्या टोकाने त्याच्या गालावरची काजळी पुसली. तो हलला नाही. श्वाससुद्धा घेतला नाही बहुतेक.

"चला... आज तरी चहा घेऊ," मी हळूच म्हटलं. मला त्याच्याशी बोलायचं होतं.

त्याने डोळे खाली केले. "आज नको."

दुसऱ्या दिवशी मी रत्नापाशी कुरकुरले, "तुझा चटईवाला फार मोठा माणूस आहे बाई. आमच्याबरोबर चहासुद्धा घेत नाही."

रत्ना उशीत तोंड लपवून हसली. "ताई, तुले माहीत नही? मी घर जासू, तवयच तो चहा पिई. त्यानी नियम लेयेल शे. माले सांगं, कोनले सांगू नको."

रत्ना घरी जाईपर्यंत चहा नाही, म्हणून तो झाडाकडे बघत होता. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. संध्याकाळी तो आला तेव्हा विचारलं.

"आमच्याकडे एखादी गोष्ट मनापासून हवी असली की आवडतं काहीतरी सोडतात," तो म्हणाला. "माझ्याकडे सोडण्यासारखं... चहाच होता."

"मला सांगायचं नाही?"

"नियम सांगत फिरलं की मिरवल्यासारखं होतं. रत्नाला सांगितलं, कारण तिला कळायला हवं होतं... की कुणीतरी थांबलंय."

पार्टीच्या पैशांतून नवीन औषध सुरू झालं. पैसा होता, औषध होतं, डॉक्टर जीव तोडून झटत होते. आणि रत्ना दिवसेंदिवस हलकी होत गेली. कमी कशाचीच नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. पैसा नसता तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

संक्रांत उलटल्यावर डॉक्टरांनी सुंदरबाईला बोलावलं. आता औषधाचा उपयोग नाही, त्रास तेवढा होईल. ती बाहेर आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "डॉक्टरसनी सांगं, घर लई जा."

श्रेयांसने स्वतःची गाडी काढली, मी पुढे बसले. धुळं मागे पडलं, साक्री गेलं. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रत्ना खिडकीतून दिसेल त्या झाडाचं नाव सांगत होती. आरशातून तिच्याकडे बघताना त्याचे डोळे भरून येत होते.

घरी अंगणात खाट टाकली होती. सुंदरबाईने चुलीवर चहा केला. कपबशी समोर आली, तशी श्रेयांसने मान हलवली. "नको, अक्का. असं घरी यायचं ठरलं नव्हतं."

खाटेवरून बारीक आवाज आला. "हाई मनं घर शे ना?"

तिचंच घर होतं. सुंदरबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"शे ना? मंग पे आते."

त्याने कप उचलला. मी बशी धरली. तो एक घोट प्यायला.

"गोड शे का?" रत्नाने विचारलं.

"गोड शे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तिची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

परत येताना धुळ्यात त्याने गाडी थांबवली. टपरीवर आम्ही समोरासमोर बसलो. चहा आला.

"दिपमाला, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"आज?" मला हुंदका आला. "आजचा दिवस आहे का हा?"

"आजच. ती गेल्यावर बोललो तर तुला वाटेल, दुःखाच्या भरात बोलला. ती आहे तोवर सांगतोय... म्हणजे हे आनंदातलंच राहील."

मी फोन काढला आणि सुंदरबाईला लावला. "रत्नाच्या कानाला लावा. रत्ना, मी तुझ्या चटईवाल्याशी लग्न करतेय."

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. मग दम घेऊन, "कवय?"

श्रेयांस फोनवर वाकला. "तू सांग."

"सकायच करा."

उद्याच करा. आम्ही दोघं हसलो. रडत होतो, पण हसलो. उद्या सकाळीच मिठाई घेऊन येतो, असं त्याने तिला कबूल केलं.

सकाळी आम्ही निघण्याआधीच सुंदरबाईचा फोन आला.

आमचं लग्न व्हायला पुढे बराच काळ गेला. त्याच्या घरी, माझ्या घरी, सगळीकडे रुसवेफुगवे झाले, आणि हळूहळू निवळले. भरीत पार्टी दरवर्षी होते. त्या पैशांतून वॉर्डातली किती तरी मुलं बरी होऊन घरी गेली. प्रत्येक नव्या मुलासाठी श्रेयांस चहा सोडतो. वर्षातले बरेच दिवस मी टपरीवर एकटीच पिते आणि तो झाडाकडे बघतो.

संक्रांतीनंतर मात्र एक दिवस आम्ही मिठाई घेऊन पिंपळनेरला जातो. त्या दिवशी कुठलाच नियम नसतो. सुंदरबाई चुलीवर चहा करते, कपबशी त्याच्या हातात देते आणि समोर बसून राहते. तो पहिला घोट घेईपर्यंत ती कपाकडे बघत असते.

मग विचारते, "गोड शे का?"

"गोड शे, अक्का."