डावा अंगठा

म्हातारीच्या अंगावरचं सगळं जागच्या जागी होतं. कमरेची किल्ली, नाकातला खडा, दोऱ्याने बांधलेला चष्मा. नव्हता तो फक्त डाव्या हाताचा अंगठा.

तक्रारताईने ओढणी तोंडाशी धरली आणि उंबऱ्यातच थांबली. सकाळी सातला फौजदारांचा फोन आला, तेव्हा ती तापलेल्या बाळाच्या कपाळावर पट्ट्या बदलत होती. बाळ सासूबाईंच्या मांडीवर टाकून ती तशीच निघाली होती. घरात कमावतं माणूस उरलं नाही अशा कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या केंद्रात ती तक्रारीच्या टेबलावर बसायची. लोक तिला तक्रारताईच म्हणत. आता तर सासूबाईही चिडल्या की म्हणायच्या, 'घरात तक्रार करायची सोय नाही, तक्रारताई कामावर गेल्यात.'

खोली एवढीशी. गादी फाडून कापूस बाहेर काढलेला, पत्र्याची पेटी पालथी. दार अडवायची वीट रक्ताने माखून कोपऱ्यात पडली होती. त्या विटेने कुणीतरी म्हातारीचं डोकं एकदा नाही, चार-पाच वेळा ठेचलं होतं. शेजारी भाजी चिरायची सुरी. उजव्या बाजूचे पांढरे केस रक्ताने थापून बसले होते. डावी बाजू स्वच्छ होती. फक्त कानाच्या वर, केसांत, बोटभर लांबीचा निळसर पट्टा होता.

"हे निळं कशाचं?" तिने विचारलं.

"मार बसला की निळं पडणारच, बाई," फौजदार म्हणाले. जाडजूड, झोप न झालेला माणूस. "मला दुसरं सांगा. तुमच्याकडे पैसे अंगठा लावून मिळतात ना?"

"हो. यंत्रावर."

"आणि वाटप आज आहे."

"हो."

"मग हा कापलेला अंगठा यंत्रावर चालला असता?"

"नाही. मेलेलं बोट यंत्र ओळखत नाही."

"ते तुम्हाला ठाऊक. दारू पिणाऱ्या हमालाला कुठून ठाऊक असणार?"

हमाल म्हणजे म्हातारीचा जावई. तो बाहेर अंगणात हात बांधून बसवलेला होता. बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. त्यानंतर हा पिऊन पडू लागला, म्हणून नातवंडांसकट मदतीचं कार्ड आजीच्या नावावर झालं. ते आपल्या नावावर करून द्या म्हणून काल दुपारी त्याने गल्लीभर ऐकू जाईल असं भांडण केलं होतं. पहाटे प्रेत सापडलं तेही त्यालाच, आणि त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. त्याचं म्हणणं, सासूबाईंना उचलून रस्त्यावर आणायला गेलो, तेव्हा लागलं. कुणाचा विश्वास बसत नव्हता. अंगण माणसांनी भरलं होतं. एक दगड आला आणि त्याच्या भुवईवर फुटला. शिपायाने दगड मारणाऱ्याकडे पाहिलंही नाही. उलट हमालाच्याच बरगडीत बूट घातला.

"पाच वाजता गाडी येईल, मोठ्या तुरुंगात पाठवतो," फौजदार म्हणाले. "तोवर कबूल होईलच."

तो कसा कबूल होणार, ते तक्रारताईला दिसत होतं. आणि तो गेला की पोरं कुणाची? नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. आत्ता दोघं शेजारच्या शिवणवालीकडे होती. ती तरुण विधवा. तिचंही नाव मदतीच्या यादीत होतं. तक्रारताईने दार वाजवलं, तेव्हा तिने कडी अर्धीच काढली. मागे धाकटा मशीनच्या पायट्यावर बसून दोऱ्याचं रीळ चोखत होता.

काल संध्याकाळी पोरं तुझ्याकडेच होती का, या प्रश्नावर तिने होकाराची मान हलवली; रात्रीही इथेच झोपली होती. दिवेलागणीला आजी एकटीच होती. आवाज आला होता, पण जावई ओरडतोय असं वाटलं. तिच्या मनगटावर चार बोटांचे जुने, पिवळे पडलेले वळ होते. तक्रारताईची नजर तिकडे गेली तशी तिने बाही खाली ओढली.

"मी आजीला नको म्हणाले होते," ती एकदम बोलली.

"काय नको?"

शिवणवालीने दार लावून घेतलं.

केंद्रात वाटप सुरू झालं होतं. रांग फाटकाबाहेर गेली होती. कुजबुज एकच: अंगठा, अंगठा. बायका आपापले अंगठे मुठीत दाबून उभ्या होत्या. यंत्रवाला नेहमीसारखा खेकसत होता, पण आज त्यात मजा नव्हती.

"उजवा, बाबा, उजवा. यंत्राला उजवा, कागदाला डावा. किती वर्षं सांगू? लग्नात हार तरी बरोबर गळ्यात घातला होतात ना?"

म्हातारा ओशाळून हसला आणि त्याने हात बदलला.

तक्रारताई जागीच थबकली. मग आपल्या टेबलाकडे वळली.

खणाला किल्ली तशीच लटकत होती. ती काल दुपारी दोन वाजल्यापासून तशीच असणार होती. वाटपाच्या आदल्या दिवशी तक्रारीचं टेबल क्षणभरही रिकामं ठेवायचं नाही, असा नियम होता. त्यावरून दोघांची नोकरी गेली होती. पण दोनला सासूबाईंचा फोन आला की बाळ फणफणलंय, डोळे फिरवतंय. कुणाला न सांगता, मागच्या दाराने ती धावत सुटली. घरी पोचून बाळाला छातीशी धरलं, तेव्हा त्याच्या झबल्यावर तिच्या बोटांचे निळे डाग उमटले. काळ्या शाईची पॅडं संपली होती, म्हणून त्याच दिवशी अकराला तिने नवं पॅड फोडलं होतं. केंद्रातलं पहिलंच निळं.

तिने खण ओढला. पॅडचं झाकण उलटं बसवलेलं होतं. तक्रारीच्या अर्जांच्या पुस्तकातलं एक पान नव्हतं. प्रत्येक अर्जाला दोन प्रती असत: पांढरी कुलूपबंद पेटीत, गुलाबी तक्रार करणाऱ्याच्या हातात. इथे दोन्ही गेल्या होत्या. तिने पेटी उघडून पाहिली. त्या क्रमांकाची पांढरी प्रत आत नव्हती.

काल दोननंतर तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

हे बोलायचं म्हणजे आपण नव्हतो हे सांगायचं. बाळाच्या औषधाला, घरभाड्याला, सासूबाईंच्या चष्म्याला तिचाच पगार पुरत होता.  मग तिला हमालाच्या बरगडीत बसलेल्या बुटाचा आवाज आठवला आणि ती उठली.

ती सरळ कुणावर आरोप करायला गेली नाही. तिघांना सहज विचारल्यासारखं विचारलं. पहारेकरी म्हणाला, मी फाटकावरच होतो, पण दोन ते तीन जेवतो, तेव्हा मागच्या दाराने हत्ती गेला तरी कळायचं नाही. यंत्रवाला केंद्रप्रमुखांबरोबर सकाळीच यंत्र दुरुस्त करून आणायला गेला होता. दोघं सहाला परतले. उरला पाहणीवाला. हा घरोघर जाऊन कोण किती गरजू ते लिहायचा. त्याच्या एका रेघेवर नाव यादीत राहायचं किंवा जायचं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. सगळ्या बायकांना ताई म्हणायचा.

"मी काल दिवसभर टेकडीपलीकडच्या वस्तीत होतो, ताई," तो म्हणाला. "हा बघा पाहणीचा अर्ज. तारीख कालची. कुटुंबप्रमुखाचा अंगठासुद्धा घेतलाय. संध्याकाळी सहाला जमा केला, शिक्का आहे." आणि काळजीने पुढे विचारलं, "बाळ कसं आहे?"

अर्ज नीटनेटका होता. अक्षर वळणदार. खाली निळा ठसा, रेघ न् रेघ दिसेल असा.

"बरं आहे," ती म्हणाली. बाळ आजारी असल्याचं केंद्रात तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

साडेचारला चौकीच्या पुढच्या खोलीत सगळे जमले: केंद्रप्रमुख, यंत्रवाला, पहारेकरी, पाहणीवाला. तिनेच फौजदारांना गळ घातली होती. आतल्या खोलीतून पट्ट्याचे फटके ऐकू येत होते, मधूनच एक ओला, दबका आवाज. बाहेर गाडी आली होती.

"आधी ते थांबवा," तक्रारताई म्हणाली. "मग बोलते."

फौजदारांनी भिंतीवर थाप मारली. फटके थांबले.

"काल दोनपासून मी टेबलावर नव्हते," ती म्हणाली. केंद्रप्रमुखांनी मान वर केली. "लिहून देते. माझी नोकरी जाईल ते जाईल. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही."

"सांगा."

"अंगठा पैशासाठी कापला असता, तर उजवा कापला असता. यंत्र उजवा घेतं. मदत घेणारं लहान पोरसुद्धा हे सांगेल, आणि हमाल तर सासूबरोबर वर्षभर रांगेत उभा राहिलाय. इथे डावा गेला. डावा आम्ही फक्त कागदावर घेतो. कापणाऱ्याला पैसे काढायचे नव्हते. अंगठ्यावर काहीतरी होतं, ते नाहीसं करायचं होतं."

"काय होतं?"

"शाई. तुम्ही म्हणालात मार बसून निळं पडलं. कातडी निळी पडते साहेब, केस पडत नाहीत. आजीने अंगठा दिला आणि आपल्या म्हाताऱ्या कशा पुसतात, तसा कानावरच्या केसांना पुसला. निळं पॅड मी कालच अकराला फोडलं. त्याआधी केंद्रात निळी शाई नव्हती, आणि दोनपर्यंत आजी माझ्याकडे आली नाही. म्हणजे काल दोननंतर आजी माझ्या टेबलावर तक्रार द्यायला आली. कुणीतरी तिची तक्रार लिहून घेतली, अंगठा घेतला, गुलाबी प्रतही दिली. पांढरी मात्र पेटीत टाकली नाही."

यंत्रवाल्याने कपाळ पुसलं. "पण बसलं कोण होतं?"

"ज्याला वस्तीत हिंडायचा कंटाळा येतो, तो. मागच्या दाराने येऊन, रिकामी खुर्ची बघून, पाहणीचे अर्ज पंख्याखाली बसून भरणारा." तिने पाहणीवाल्याचा अर्ज टेबलावर ठेवला. "यांच्या पिशवीतलं पॅड काळं आहे, आत्ताच बघितलं. हा ठसा निळा आहे. टेकडीपलीकडे माझं पॅड गेलं नव्हतं. हा अर्ज माझ्या टेबलावर बसून भरलाय, आणि ठसा बहुतेक यांचाच आहे. लावून बघा."

पाहणीवाला हसला. "ताई, शाई काय, कुठेही मिळते."

"मिळते. पण माझं बाळ आजारी आहे हे तुम्हाला कुठून मिळालं? मला फोन आला, तेव्हा मागच्या दाराशी तुम्हीच असाल. मी बाहेर पडायची वाट बघत."



"आजीची पाहणी दुसऱ्या एका पाहणीवाल्या बाईंनी केली होती. आजीने तुम्हाला कधी बघितलेलं नव्हतं. तक्रारीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तिने विश्वासाने सांगितलं असणार, की पाहणीसाहेब शेजारच्या शिवणवालीला छळतो, खोलीवर ये नाहीतर नाव कापतो म्हणतो. शिवणवाली आजीला 'नको' म्हणाली होती, ते हेच. तुमच्याविरुद्धची तक्रार तिने तुमच्याच हाताने लिहवून घेतली. शिवणवालीच्या मनगटावर तुमची बोटं अजून आहेत."

फौजदारांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा."

त्याने हात पुढे केला, आणि तोच हात फिरवून टेबलावरचा लोखंडी ठोकळा उचलला. तक्रारताईने मान खाली घातली. ठोकळा तिच्या खांद्यावर बसला. दुसऱ्या हाताने त्याने तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर आपटलं. गोड आवाज कुठच्या कुठे गेला. तुम्हा बायकांना फुकटचं खायला मिळतं, तेही आमच्यामुळे, असं काहीतरी तो ओरडत होता. पहारेकऱ्याने त्याला मागून मिठी मारली, फौजदारांची काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग तो जमिनीवर बसून बोलला. मी फक्त गुलाबी कागद परत मागायला गेलो होतो. म्हातारी देईना. आवाजावरून तिने ओळखलं, दुपारी लिहून घेणारा तोच हा, आणि अशा अवेळी दारात कशाला, तेही तिला उमगलं. ती ओरडायला लागली. वीट हाताशी होती. कागद गादीत सापडला. नंतर अंगठ्यावरची शाई दिसली, धुतली तर जाईना. अंगठा नाल्यात टाकला. उजवा-डावा हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. यंत्राजवळ तो कधी उभा राहिलाच नव्हता.

केंद्रप्रमुखांनी तक्रारताईसमोर कोरा कागद ठेवला. तिने आपली गैरहजेरी लिहिली, वेळेसकट, आणि सही केली. खांदा ठणकत होता, अक्षर वाकडं आलं.

तेवढ्यात शिवणवाली आली. जबाब द्यायचाय, म्हणाली. दोन्ही पोरं तिच्या बोटाला होती.

आतलं दार उघडून हमालाला बाहेर काढलं. एक डोळा बंद, ओठ फाटून लोंबलेला, भिंतीला धरत तो आला. थोरली जागीच उभी राहिली. धाकटा किंचाळला आणि तक्रारताईच्या पायांना घट्ट बिलगला. तिने त्याला पुढे ढकललं नाही.

हमालाने पोराकडे पाहिलं. पुढे आला नाही. पायरीवर जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे वळवून बसला. मग तसाच, मागे न बघता, हलक्या आवाजात त्याने पोराला घरातल्या नावाने हाक मारली.

धाकट्याची मूठ सैल झाली. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग चालत गेला आणि बापाच्या पाठीला पाठ लावून बसला.