ज्याला मी तप म्हणालो

ही हकीकत माझ्या कानांनी ऐकलेली आहे. भुताच्या गोष्टीतून अंगावर काटा यावा, एवढीच ज्यांची हौस, त्यांची मला कीव येते. तरी त्यांनीही वाचावे.

सन १९१९. भाद्रपद मास. खांडबारा.

वेळ रात्रीची नव्हती. लख्ख दुपार होती.

माणकचंद शेठजींच्या घरी मी त्यांच्या थोरल्या कन्येला, रूपकंवरला, स्तोत्रे शिकवीत असे. वय पंधरा. आदल्या वर्षी मानमोडीच्या साथीत तिची धाकटी बहीण पतासी गेली होती. त्यानंतर रूपकंवर फारशी बोलत नसे.

त्याला मी ‘मौन’ म्हणालो.

तिने पायांतले चांदीचे तोडे मोलकरणीच्या, तुळशीबाईच्या, मुलीला देऊन टाकले. त्याला मी ‘अपरिग्रह’ म्हणालो.

एके दिवशी तिने आपली पोथी पुसून माझ्यापुढे ठेवली.

“गुरुजी, दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला आता लागायची नाही.”

त्याला ‘वैराग्य’ म्हणालो, आणि वर एक श्लोकही ऐकवला! काव्य आणि व्याकरण यांत सोळा वर्षे घालवून माझ्या पदरी काय पडले? प्रत्येक दुःखाला एक सुंदर नाव.

पर्युषणात तिने आठ दिवसांचा उपवास धरला. शेठजींची छाती फुगली.

“गुरुजी, म्हारी छोरीने नाव काढलं! पारण्याला वरघोडा काढू, गावभर मिरवू. नंदुरबारहून वाजंत्री आणू. धानोऱ्याचे रिखबचंद बघतच राहतील!”

तप ही थोर वस्तू आहे. खऱ्या तपस्व्यापुढे मी आजही मस्तक ठेवतो. म्हणूनच त्या दिवशी आम्ही दोघांनी तपाच्या नावावर जे खपवले, त्याची मला किळस येते.

सहाव्या दिवशी तुळशीबाईने मला ओट्यावर गाठले. उपवासात पिण्यासाठी उकळून ठेवलेल्या पाण्याचा हंडा तिच्या हातात होता. काठोकाठ भरलेला.

“दोन दिन व्हयनात, गुरुजी. पोरनी घोट लिदा नही.”

“त्याला चौविहार म्हणतात, तुळशीबाई. निर्जल उपवास. तुला त्यातले काय कळणार?”

ती माझ्याकडे पाहत राहिली.

“हाई तप नही शे. पोर जाई ऱ्हायनी.”

मी हसलो.

होय. हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठजी आणि मी ओट्यावर बसून वरघोड्याचा मार्ग ठरवीत होतो. तुळशीबाई अंगणात भांडी घाशीत होती. आणि आतून...

खट्. खट्. खट्.

सागरगोटे. कोणीतरी ते उडवून झेलत होते.

“रूपकंवर खेळते आहे. बरे झाले,” मी म्हणालो.

“कुठे? काही आवाज नाही,” शेठजी म्हणाले.

खट्. खट्...

मग थांबले.

घरात इतकी शांतता पसरली, की भांड्यावर फिरणारी राखही मला ऐकू येऊ लागली. आणि दाराच्या अगदी आतून, माझ्या कानाशी...

“पोथीबाबा, जीजी उठत नाही.”

मला या नावाने चिडवणारा आणि रूपकंवरला ‘जीजी’ म्हणणारा खांडबाऱ्यात एकच जीव होता.

पतासी.

मी धावलो. मधल्या खोलीत रूपकंवर भुईवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ फाटलेले, हात गार. खोलीत दुसरे कोणी नव्हते. सागरगोटेही नव्हते. तिच्या शेजारी मात्र एक लहान चटई अंथरलेली होती. मी तिच्यावर हात टेकला...

चटई उबदार होती.

माझ्या मागून तुळशीबाई आली. कोणाला विचारले नाही. तिने मुलीचे डोके मांडीवर घेतले, पदर भिजवून तिच्या ओठांत पिळला. थेंब... पुन्हा थेंब.

दारातून शेठजी ओरडले, “उपवास मोडेल!”

“मोडू द्या!” तुळशीबाई गरजली. “पोर जगू द्या!”

तुळशीबाई चार दिवस तिथून हलली नाही. तिसऱ्या दिवशी रूपकंवर तिला बिलगून, बहीण गेल्यापासून प्रथमच, मोठ्याने रडली. ती वाचली. वरघोडा बुडाल्याची हळहळ शेठजींना दिवाळीपर्यंत पुरली.

पुढे मी तुळशीबाईला एकांतात विचारले, “त्या दुपारी ती हाक तूही ऐकलीस ना?”

“कसानी हाक? माले काहीच आयकू उनं नही.”

“मग आदल्या दिवशी तुला कळले कसे?”

“मी तिना तोंडकडे देखं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी देखंच नही का, गुरुजी?”



त्यानंतर पंचवीस वर्षे मी कितीतरी मुलांना शिकवले. समोरचे एखादे मूल गप्प राहते. कोणी जेवत नाही. कोणी आपली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकते. आता मी त्याच्या तोंडाकडे पाहतो. पुष्कळ वेळ पाहतो. विचारतोही. पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून कान देऊन बसतो...

ती हाक पुन्हा कधीच आली नाही.