धक्क्यावरची माणसं

वीस वर्षं मी आमच्या गावाची जुनी चित्रं छापलेली पोस्टकार्डं गोळा करते आहे. फ्रेंच साहेबांच्या काळातली. सांके नदी, बाजार, विहार, भाताच्या होड्या. शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्त झाल्यावर परदेशातूनही कार्डं मागवू लागले.

खरं तर मी शोधत होते ते एकच कार्ड, आणि ते मागच्या वर्षी मिळालं. अर्धवट बांधलेला पूल, खाली धक्का, धक्क्यावर उकिडवे बसलेले उघडे मजूर. खाली छापलंय, ‘स्थानिक नमुने’. मागे कुणा साहेबाने बायकोला लिहिलंय, ‘मंगळवारी यातले बरेच बुडाले. काम थांबलेलं नाही. इथले आंबे फार गोड आहेत.’

माझे आजोबा, मास नोप, त्याच पुलाच्या कामावर गेले ते परतले नाहीत. दुसऱ्या बाईबरोबर पळाला, असं गाव म्हणालं. आजी ते ऐकत ऐकत म्हातारी झाली आणि ऐकत ऐकतच गेली.

विरेक माझा जुना विद्यार्थी. यंदाच्या गावच्या प्रदर्शनाचा प्रमुख तोच. प्रवेशदारी लावायला त्याला माझ्या कार्डावरच्या पुलाचं मोठं चित्र हवं होतं.

“पूल झकास आलाय, बाई. खालची उघडीनागडी तेवढी कापून टाकतो.”

“कापायची नाहीत. आणि मागचा मजकूरही शेजारी लावायचा.”

“पाहुणे यायचेत हो! मेलेल्यांचं काय घेऊन बसलात?”

“त्यात माझा आजा आहे.”

“कुठला? बोट ठेवून दाखवा की.” तो हसला.

मला दाखवता येईना. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मी रागाने तिथून निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याच्या किमलेंगने बोलावलं. तो घामाघूम झाला होता.

“बाई, तुम्हीच बघा. मी माणसं कापली. संगणकाच्या पडद्यावर नाहीत. कागदावर येतायत.”

पहिल्या कागदाच्या तळाशी नुसती डोकी होती. दुसऱ्यावर खांदे, म्हणजे बसलेली माणसं उठली होती. वैतागून त्याने तिसऱ्यांदा फक्त पुलाची कमान आणि आकाश ठेवलं होतं. त्या आकाशासमोर ती सगळी उभी होती. केस कपाळाला चिकटलेले. मी एकेक चेहरा पाहत गेले. यातला माझा कोणता, हे मला कळणार कसं?

तेवढ्यात विरेक आला.

“ही थट्टा कुणाची? बाई, तुमची?”

“माझी असती तर नावं लिहिली असती खाली.”

त्याने तिन्ही कागद टराटरा फाडले. मग तळहात पँटला पुसला. परत पुसला.

“चित्रच नको,” तो म्हणाला. “नुसती अक्षरं छाप.”

प्रदर्शन सकाळी उघडलं. रणरणतं ऊन, नदी तळाला गेलेली. मी पहिल्या रांगेत बसले होते, भांडायच्या तयारीने. विरेक उठला. त्याने खिशातून भाषणाचा कागद काढला, घसा खाकरला.

“सोक मुत,” तो म्हणाला. “काम्पोंग प्रियांगचा.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“चेया ल्वी. त्याच गावचा. लहान भाऊ, ल्वान.”

तो वाचत होता. सपाट आवाजात, न थांबता.

“मास नोप. बायको गरोदर.”

मी उभी राहिले. आजोबा गेले तेव्हा आजीला दिवस गेलेत हे त्या दोघांनाच ठाऊक होतं; पुढे ही गोष्ट आजीने फक्त माझ्या आईला सांगितली होती.

नावं बराच वेळ चालली. मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली आला. टाळी कुणीच वाजवली नाही.

“का हो सगळे गप्प?” त्याने मला विचारलं. “भाषण बरं नाही झालं?”

मी तो कागद मागून घेतला. त्यावर पाहुण्यांचं स्वागत होतं, प्रगती होती, आभार होते.

“बरं झालं,” मी म्हणाले.

त्याने वाकून मला हात जोडले. त्याची दहाही बोटं पांढरीफटक पडली होती, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी सुरकुतलेली.